नाव पीडीएफ, आत भलतंच

भाचीच्या परीक्षेचं हॉल तिकीट डाउनलोड केलं, तर फोल्डरमध्ये येऊन पडली 'डाउनलोड.एएसपीएक्स' नावाची फाइल. डबल क्लिक केलं की विंडोज विचारणार, ही कशात उघडू? परीक्षा परवावर आलेली, साइट धापा टाकत चाललेली. पुन्हा त्या वाटेला जायचं धाडस होईना. शेवटी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. स्क्रीनभर अगम्य चिन्हं, पण अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून पीडीएफची तीन अक्षरं आणि पुढे १.४. म्हणजे फाइल अस्सल पीडीएफ होती, चुकलं होतं ते नुसतं नाव. नोटपॅड सेव्ह न करता बंद केलं (सेव्ह केलं तर फाइल खरंच बिघडते), नावातल्या शेवटच्या टिंबापुढची शेपटी, म्हणजे एक्सटेन्शन, बदलून पीडीएफ केली आणि हॉल तिकीट फोटोसकट उघडलं.

गफलत होते ती सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या बोलण्यात. फाइल पाठवण्याआधी सर्व्हर काही ओळी पाठवतो, त्या आपल्याला दिसत नाहीत. एकीत मजकुराचा प्रकार असतो, दुसरीत कोणत्या नावानं सेव्ह करायचं ते. साइट बनवणाऱ्यानं नावाची ओळ घातलीच नाही, तर ब्राउझर बहुधा वेबपत्त्याचा शेवटचा तुकडा उचलतो. एएसपीएक्स हे सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या नावाचं शेपूट, आपल्या फाइलशी त्याचा काही संबंध नाही. प्रकाराच्या ओळीतही 'हे काही बाइट (माहितीचे छोटे तुकडे) आहेत' इतकंच मोघम असलं, की ब्राउझर तरी काय करणार?

फाइलची खरी ओळख तिच्या पहिल्या काही बाइटमध्ये असते. पीएनजी चित्राचा पहिला बाइट १३७ आणि लगेच पुढे पीएनजी ही अक्षरं. अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेली झिप फाइल सुरू होते 'पीके'नं. ही १९८९ साली पीकेझिप हा झिप करणारा प्रोग्राम आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं असावं, तशी ती जगातल्या प्रत्येक झिपमध्ये बसली आहेत. गंमत म्हणजे ऑफिस २००७ पासूनची वर्डची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते. म्हणून कधी कधी अर्ज डाउनलोड करावा आणि हाती झिप यावी, असं होतं. ती एक्स्ट्रॅक्ट केली की एक्सएमएलचा, म्हणजे खुणांनी भरलेल्या मजकूर-फाइलींचा, ढीग निघतो. तसं न करता झिपचं डॉकएक्स करा, अर्ज वर्डमध्ये उघडेल.

फोटोंचं दुखणं जरा वेगळं. काही विंडोज कॉम्प्युटरवर क्रोम जेपीजी फोटो 'जेएफआयएफ' म्हणून सेव्ह करतो, कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, जेपीईजीसमोर तीच शेपटी नोंदलेली असते. आत माल जेपीईजीचाच, त्यामुळे नाव बदललं की काम झालं. वेबपी या दुसऱ्या चित्रप्रकाराचं तसं नाही. वेबपीला जेपीजी नाव दिलं तरी फोटो दिसतो, कारण बरेच व्ह्यूअर नावाकडे न बघता आत डोकावतात. आपल्याला वाटतं जमलं, आणि भरती अर्जाचं पोर्टल तोच फोटो परत पाठवतं. तिथे पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीईजी निवडावं लागतं.

उलटा प्रकार शेजारच्या काकांकडे पाहिला. नाव व्यवस्थित पीडीएफ, साइझ जेमतेम ९ केबी, आणि उघडायला साफ नकार. नोटपॅडमध्ये पाहिलं तर आत एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, आणि मधोमध वाक्य: तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. काका चहा प्यायला उठले होते, तेवढ्यात साइटनं त्यांना बाहेर काढलं आणि विवरणपत्राच्या नावाखाली लॉगिनचं पान हातात ठेवलं. इथे रिनेम करून काही मिळत नाही, पुन्हा लॉगिन करून फाइल नव्यानं घ्यायची.

मुळात विंडोज ही शेपटी लपवूनच ठेवतं, हा माझ्या मते त्याचा सगळ्यात वाईट शहाणपणा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करा. नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे 'बिल.पीडीएफ' दिसतं (ईएक्सई ही प्रोग्रामची शेपटी). अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर चालत नाही, नुसती दिसते, आणि सुरुवातीला 'एमझेड' अक्षरं सापडतात. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरची ही आद्याक्षरं, म्हणजे आत प्रोग्राम आहे. बिलाच्या जागी ती दिसली, तर फाइल तिथल्या तिथे डिलीट.