कलेक्टर जॅक्सन आणि नाशिकमधील स्थलनामे

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन (१८६६–१९०९) हा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी. नाशिकचा कलेक्टर असतानाच त्याचा खून झाला. संस्कृतचा व्यासंग असल्याने त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. मुंबई गॅझेटियरच्या गुजरातविषयक इतिहासखंडात (१८९६) त्याचे लेखन आहे. कोकण-गुजरातेतल्या लोकसमजुती त्याने प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून गोळा केल्या. आजारपणातले उतारे, नजर, ग्रामदैवते अशी ती सामग्री त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या सनदी अधिकाऱ्याने छापून काढली.

व्यासंग हा झाला, कारभार वेगळा. बाबाराव सावरकरांना राजद्रोही कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तो खटला याच्याच कारकिर्दीतला. जॅक्सनची बदली ठरल्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या जेमतेम सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि कटातले साथीदार कर्वे व देशपांडे फाशी गेले.

शहराने पुढे नाव दिले ते कान्हेरेंचे. साहेबांच्या खेळाची आठवण सांगणारे गोल्फ क्लब मैदान ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ झाले. रणजी सामन्याच्या बातमीत हेच नाव येते, पण सकाळी फिरायला जाणारा ‘गोल्फ क्लबवर चाललो’ असेच सांगतो. गोदावरीवरच्या व्हिक्टोरिया पुलाला अहिल्याबाई होळकरांचे नाव मिळाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी राणीच राहिली. यात इंग्रजांवरचे प्रेम शोधू नये. पत्ता सांगताना जीभ सवयीच्या वाटेने जाते, एवढेच. वाहनांचे सुटे भाग बनवणारी मायको कंपनी २००८ मध्ये बॉश झाली, पण रिक्षावाल्याला मायको सर्कलच सांगावे लागते.

रस्त्या-चौकांचे नामकरण महापालिकेच्या महासभेतल्या ठरावाने होते. महापालिका १९८२ मधली. त्याआधी हे काम नगरपालिकेकडे असे. ठराव झाला की पाटी लागते. सातबारा, वीजबिल, दुकानाचे लेटरहेड बदलायला मात्र बराच काळ जातो. खुद्द शहराचेही असेच झाले होते: मोगलांनी त्याचे नाव गुलशनाबाद ठेवले आणि पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले.