मेजर अपग्रेड, स्वतःच्या सर्व्हरवरचे

मेजर अपग्रेड : आपल्याच ताब्यातल्या सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर एका मोठ्या आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर नेण्याचे काम. सहसा आवृत्तीच्या क्रमांकातला पहिला आकडा बदलला की ती मेजर. त्या आकड्याबरोबर जुन्याशी जुळवून घेण्याची हमीही संपते. शेवटचा आकडा बदलला तर ती नुसती दुरुस्ती, चहा येईपर्यंत उरकणारी. अर्थात आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये २०१७ साली १० वी आवृत्ती येईपर्यंत पहिले दोन आकडे मिळून मेजर ठरत. म्हणजे ९.५ वरून ९.६ हा दिसायला एक दशांशाचा फरक, पण काम पुरे मेजर. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचा आकडा तर नुसती तारीख आहे: २२.०४ म्हणजे एप्रिल २०२२.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ऐरोली, रबाळे, महापे असा डेटा सेंटरचा पट्टा उभा आहे. या नोंदीचा विषय मात्र तिथला नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात टेबलाखाली, यूपीएसच्या शेजारी, धूळ खात पडलेला सर्व्हरचा डबा असतो. हिशेब, ड्रॉइंग, हजेरी, पगार सगळे त्याच्यावर. त्याची देखभाल महिन्यातून दोनदा येणाऱ्या ‘सर्व्हरवाल्या’कडे असते, आणि त्याने फोन उचलला नाही की गाळ्यातले बिलिंग थांबते.

प्रोग्राम बदलणे हा या कामाचा सोपा भाग. नवा प्रोग्राम उतरवून घेता येतो, बिघडला तर पुसता येतो. अवघड असतो तो डेटा. पोस्टग्रेसच्या दर मेजर आवृत्तीत डिस्कवरची मांडणी बदलू शकते, म्हणून नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी उघडायलाच नकार देतो. मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे सगळा डेटा डंप करून, म्हणजे एका फाइलमध्ये उतरवून, नव्यात भरणे. संथ, पण निर्धास्त. दुसरी पोस्टग्रेसच्याच पीजी-अपग्रेड या साधनाची, तिच्यात लिंक मोड वापरला तर फायलींच्या प्रती न काढता काम काही मिनिटांत होते. पण त्यानंतर नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्याकडे परत जाता येत नाही, कारण दोघांच्या फायली त्याच असतात. घाई असलेल्याला हाच मोड आवडतो आणि घाई असलेल्याने नेमका हाच टाळावा.

टप्पे गाळू नयेत, हा दुसरा नियम. फायली साठवण्याचे नेक्स्टक्लाउड एका वेळी एकच मेजर आवृत्ती पुढे जाऊ देते. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही मधली आवृत्ती ओलांडून उडी मारायला मान्यता नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबने तर थांबेच जाहीर केले आहेत: १७.५ पासून दर मेजर मालिकेतल्या .२, .५, .८ आणि .११ या आवृत्त्यांवर थांबून, पार्श्वभूमीला चाललेले डेटाचे स्थलांतर पूर्ण होऊ द्यायचे आणि मगच पुढे निघायचे. या थांब्यांचे कारण ठाणेकराला रेल्वेवरून लवकर कळेल. मुंबईची उपनगरी रेल्वे १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती. २५ हजार व्होल्ट एसीकडे जाण्याचे काम तुकड्यातुकड्याने झाले आणि २०१६ मध्ये संपले. मधल्या वर्षांत दोन्ही विजा चालणाऱ्या गाड्या होत्या, म्हणून लोकल बंद पडली नाही. मधली आवृत्ती म्हणजे अशी दुहेरी गाडी. जुनी मांडणी वाचू शकणारा आणि नवी लिहू शकणारा कोड तिच्यातच असतो, पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकलेला असतो.

काही बिघाड मात्र अपग्रेड सुरळीत पार पडल्यावर, सोमवारी सकाळी उगवतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणे, ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. तिच्यावरून ८.० वर आलेल्यांना कळले की ‘ग्रुप्स’ आणि ‘रँक’ हे आता डेटाबेसने स्वतःसाठी राखीव ठेवलेले शब्द आहेत. त्या नावाचे टेबल किंवा कॉलम असलेल्या जुन्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, अवतरणचिन्हांवाचून चालेनात. मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेल्या ईआरपीनेक्स्ट या धंद्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १४ व्या आवृत्तीपासून मनुष्यबळ आणि पगार हे भाग एचआरएमएस या वेगळ्या ॲपमध्ये गेले. ही ओळ रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीबरोबरच्या टिपणात, आधी वाचलेली बरी, सात तारखेला पगाराच्या वेळी नव्हे.

याहून लबाड प्रकार अक्षरक्रमाचा. पोस्टग्रेस तोच ठेवला आणि फक्त डेबियन ९ वरून १० केले, तरी खालची जीलिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी २.२८ होते आणि तिच्यात मजकूर क्रमाने लावण्याचे नियम बदललेले आहेत. जुना इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. टेबलात डोळ्यांना दिसणारे नाव शोधात सापडत नाही, किंवा तेच नाव दुसऱ्यांदा बिनतक्रार घातले जाते. एरर कुठेच नाही. उपाय साधा आहे, मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधणे. पण दुखणे हे आहे हे आधी सुचायला हवे.

मराठी मजकूर असेल तर चाचणीसाठी चार ओळी ठरवून ठेवाव्यात: ज्ञानेश्वर, कोपऱ्यात, हळदणकर, आणि एक इमोजी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, इमोजीला चार. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांचा, म्हणून त्यात मराठी सुखाने राहते आणि इमोजी अडतो. ‘लॅटिन१’ या फक्त रोमन लिपीसाठीच्या पद्धतीचा म्हणून नोंदलेल्या कॉलममध्ये वर्षानुवर्षे मराठी भरलेली असेल, तर बदल करताना नावांची खिचडी होते. लॅटिन अक्षरांची ती रांगोळी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

प्रस्तुत लेखकाने एका गाळ्यात पाहिलेला प्रसंग असा. प्रोग्राम तयार ‘इमेज’मधून वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या डॉकरच्या फाइलमध्ये पोस्टग्रेसपुढे आवृत्तीचा आकडा न घालता ‘लेटेस्ट’ लिहिले होते. कुणी सहज इमेज नव्याने ओढली; कंटेनर दर काही सेकंदांनी उठायचा आणि पडायचा. लॉगमध्ये एकच ओळ, डेटाबेसच्या फायली या सर्व्हरशी विसंगत आहेत. मालक म्हणाले, “अहो, डेटा गेला का?” डेटा जागच्या जागी होता. आकडा पूर्ववत १२ लिहिला आणि सगळे उभे राहिले. त्या रात्री खरा धक्का दुसराच होता: रोजचा बॅकअप तीन महिन्यांपासून शून्य बाइटचा निघाला. दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहिलेला नसेल तर तो बॅकअप धरूच नये.

या कामासाठी सर्व्हर बंद ठेवण्याच्या वेळेला इकडचे लोक सरळ ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. गंमत अशी, की तो रविवारी ठेवला तर रेल्वेचाही त्याच दिवशी असतो आणि डोंबिवलीहून महाप्याला निघालेला माणूस ठाण्यात लटकतो. म्हणून शनिवारची रात्र बरी. मार्चअखेर आणि जीएसटी रिटर्नचे दिवस कुणी सुचवतही नाही.

अपग्रेड नव्या यंत्रावर केले असेल, तर जुना डबा लगेच पुसत नाहीत. नव्यावर एक पगार आणि एक रिटर्न निघेपर्यंत तो तसाच ठेवतात, पण त्याची नेटवर्कची वायर काढून. कारण दोघांचा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता एकच असतो, आणि वायर तशीच राहून सफाईवाल्या मावशींनी पुसताना बटण दाबले, तर अर्ध्या नोंदी जुन्यात जमा व्हायला लागतात. वर कागद चिकटवलेला असतो: ‘चालू करू नये’.