पार्श्वभूमी : खाणीच्या पाण्यातले तांबे

खाण बंद पडली तरी तिचे पाणी वाहतच राहते. खोदकामात उघडा पडलेला पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) हवा-पाण्याशी भिडला की गंधकाम्ल तयार होते आणि ते दगडातले तांबे, जस्त, मँगनीज विरघळवून नदीकडे नेते. मासे मरतात, पाणी शेतीच्याही कामाचे राहत नाही. पण या विषारी पाण्यात धातू आहे, हे माणसाने फार पूर्वीच हेरले होते.

चीनमध्ये सोंग राजवटीत, 11व्या शतकात, मोरचुदाच्या पाण्यात लोखंड ठेवून तांबे काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चाले. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे साचते. युरोपातल्या किमयागारांना तर लोखंडाचेच तांबे झाले असे वाटे. 18व्या शतकात स्पेनमधील रिओ टिंटो आणि वेल्समधील पॅरिस माउंटन इथेही हीच रीत होती. हौदात भंगार लोखंड टाकायचे, वरून खाणीचे पाणी सोडायचे. लोखंडावर धरलेला तांबूस-तपकिरी थर खरवडून, धुऊन भट्टीत न्यायचा. हिशेबाने एक किलो तांब्याला 0.88 किलो लोखंड पुरते. प्रत्यक्षात जास्त लागते, कारण आम्लही लोखंड खाते.

या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट हमखास सुटते. तांबे बाहेर आले तरी त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात गेले, म्हणजे नदीचे दुखणे तसेच राहिले.

हे आम्ल इतक्या झपाट्याने का बनते, याचा उलगडा 1947मध्ये झाला. कोळसा खाणीच्या पाण्यात लोहावर जगणारे जिवाणू सापडले. पुढे खडकातून मुद्दाम तांबे विरघळवायला तेच कामी आले. 1968मध्ये ॲरिझोनातील ब्लूबर्ड खाणीत भंगाराची गरजच संपली : रॉकेलसारख्या द्रावकातले रसायन पाण्यातून फक्त तांबे उचलते, तीव्र आम्ल ते सोडवून घेते आणि विजेने शुद्ध पत्रा जमतो.

मात्र बहुतेक बंद खाणींच्या पाण्यात तांबे यासाठी फारच कमी असते. तिथे सरसकट चुना टाकतात. सगळे धातू एकाच गाळात अडकतात आणि तो गाळ जमिनीत पुरून टाकावा लागतो. त्याऐवजी आम्लता सांभाळून हायड्रोजन सल्फाइड सोडला, तर आधी तांबे आणि नंतर जस्त वेगवेगळे खाली बसते. नुसत्या धातूच्या विक्रीतून याचा खर्च क्वचितच निघतो, पण तो ताळा मुळात चुकीचा आहे असे मला वाटते. पाणी शुद्ध करण्याचा खर्च टळणारच नाही. मिळालेला धातू त्यातूनच वजा करायला हवा.