पैलवानाचं पोरगं जन्मतःच पैलवान?

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येतं: बापानं जोर-बैठका मारून कमावलेलं अंग पोराच्या रक्तात उतरतं. नाही उतरत. दंड फुगतो तेव्हा स्नायूंचे तंतू जाड होतात; डीएनएमधली, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक संदेशातली, अक्षरं बदलत नाहीत. ही अक्षरं चारच, 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी'. पेशी विभागण्याआधी डीएनएची ही पिळाची शिडी मधोमध उसवते, प्रत्येक बाजू आपला जोडीदार नव्याने जुळवते. त्यात क्वचित चूक राहून जाते, ते उत्परिवर्तन. पण ते बीजांडात किंवा शुक्राणूत असेल तरच बाळापर्यंत पोचतं. १८८०च्या दशकात जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइसमान यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या (बिचारे उंदीर!), पिल्लं शेपटीवालीच जन्मली. उंची, हाडापेराची ठेवण वारशात येते, हे खरं. शिवाय पैलवानाच्या घरी थंडाई आणि आखाडा लहानपणापासूनच मिळतो.