जर्नीमन लाइनबॅकर

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या पुढच्या ओळीमागे उभा राहणारा आणि अल्प मुदतीच्या करारांवर अनेक संघांतून खेळत कारकीर्द पुरी करणारा खेळाडू. ही संज्ञा नियमपुस्तकातील नसून क्रीडापत्रकारितेत रूढ झालेली आहे.

‘जर्नीमन’ या शब्दाचा प्रवासाशी जोडला जाणारा थेट संबंध व्युत्पत्तीच्या दृष्टीने टिकत नाही. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘जुर्ने’, म्हणजे एक दिवस किंवा दिवसभराचे काम, या शब्दात आहे. उमेदवारी संपवलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, रोजावर राबणारा कारागीर या अर्थाने तो इंग्लंडमध्ये साधारणतः पंधराव्या शतकापासून आढळतो. जर्मन भाषक प्रदेशांत मात्र अशा कारागिराने काही वर्षे गावोगाव फिरून काम करण्याची प्रथा होती. त्यामुळे भटकंतीची छटा सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. खेळाच्या संदर्भात काही जण या शब्दाने संघ बदलत राहणारा, तर काही जण भरवशाचा पण अव्वल नव्हे असा खेळाडू सुचवतात. यांतील दुसरा अर्थ अधिक ग्राह्य दिसतो. केविन ग्रीन चार संघांकडून खेळला. पण कारकिर्दीत १६० सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) नोंदवून २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत गेलेल्या या लाइनबॅकरला जर्नीमन म्हणणे कोणाला रुचणार नाही.

लाइनबॅकर या जागेचे जनकत्व परंपरेने मिशिगन विद्यापीठाच्या ‘जर्मनी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या शुल्झ या सेंटरकडे (ओळीच्या मध्यभागी खेळणाऱ्याकडे) जाते. १९०४ ते १९०८ च्या दरम्यान केव्हातरी तो बचावाच्या वेळी ओळ सोडून मागे उभा राहू लागला, असे सांगतात. तथापि ही जागा एकाच माणसाने निर्माण केली असे मानण्यापेक्षा ती क्रमाने घडत गेली असे समजणे सयुक्तिक ठरेल.

एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये हंगामाच्या तोंडावर प्रत्येक संघाला ५३ खेळाडूंपर्यंत छाटणी करावी लागते. राखीव लाइनबॅकरची निवड बहुधा किकच्या वेळी उतरणाऱ्या ‘स्पेशल टीम्स’मधील उपयुक्ततेवर होते. छाटणीत वगळलेल्यांपैकी काहींना सराव पथकात आसरा मिळतो.

जॉश बाइन्स हे याचे ठळक उदाहरण होय. ऑबर्न विद्यापीठाच्या २०१० च्या विजेत्या संघातून आलेल्या बाइन्सला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही निवडले नाही. २०११ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याच्याशी करार केला आणि पुढच्या हंगामात तो सराव पथकातून मुख्य संघात आला. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अवघे चार सेकंद उरले असताना रेव्हन्सने जाणूनबुजून दोन गुण सोडले. गुणफलक रेव्हन्सच्या बाजूने ३४–३१ झाला. त्यानंतरच्या फ्री किकवर प्रतिस्पर्धी सॅन फ्रान्सिस्कोचा टेड गिन चेंडू घेऊन धावला. मैदानाच्या मध्यावर त्याला पाडणारा खेळाडू बाइन्स होता आणि त्या टॅकलबरोबरच सामना संपला.

पुढे तो डेट्रॉइट लायन्स आणि ॲरिझोना कार्डिनल्सकडून खेळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रेव्हन्सने त्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी परत बोलावले आणि त्याच रविवारी पिट्सबर्गविरुद्ध त्याने इंटरसेप्शन नोंदवले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलला. २०२० चा हंगाम त्याने सिनसिनाटी बेंगल्सकडून काढला, तर २०२१ मध्ये तो पुन्हा बाल्टिमोरला परतला.