गेट व्हॉल्व्हमध्ये नवी सुधारणा केलीत? पेटंटचा अर्ज कुठे अडकतो ते आधी पाहा

अर्ज फेटाळला गेला की माणूस आधी फॉर्म तपासतो. फॉर्ममध्ये सहसा काही नसतं. घोळ त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

नवा व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाच्या लाइनवर चालवून पाहिला, प्रदर्शनात मांडला, कोटेशनला सेक्शन ड्रॉइंग जोडलं आणि मग अर्ज केला. गुप्ततेचा करार नसेल तर शोध आपणच जाहीर करून बसलो, आणि पेटंटची पहिली अट, नावीन्य, तिथेच गेली. अमेरिकेत यानंतरही 12 महिने मिळतात, युरोपीय पेटंट कार्यालयात जवळजवळ काहीच नाही. म्हणून आधी अर्ज, मग ट्रायल.

दुसरी अट म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही असं काहीतरी हवं. बंद व्हॉल्व्हच्या बॉडीत द्रव अडकतो, तापल्यावर फुगतो, दोन्ही सीटवर (गेट बंद होताना टेकतं त्या कडांवर) दाब येतो आणि गेट हलत नाही. त्यावर वेजच्या, म्हणजे पाचरीसारख्या गेटच्या, एका बाजूला भोक पाडणं हा फार जुना उपाय आहे. तोच ‘शोध’ म्हणून पाठवू नका. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एफ16के 3/00 हा गेट व्हॉल्व्हचा गट आहे, पाचरीच्या आकाराच्या सीलिंगसाठी 3/12. एस्पासनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटं फुकट शोधता येतात. दोन संध्याकाळी त्यात घालवा.

कागद नेहमीचेच: विवरण, दावे (नेमका कशावर हक्क मागतो ते), गोषवारा, आकृत्या. विवरण मात्र पहिल्याच दिवशी भरघोस लिहा, कारण नवा तपशील नंतर घुसवता येत नाही. वर्कशॉपचं ड्रॉइंग तसंच जोडू नका. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या, म्हणजे पीसीटी या करारानुसार अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या अर्जाच्या, आकृतीत रंग चालत नाही, मजकूरही नाही. ‘पाणी’, ‘वाफ’, ‘उघडा’, ‘बंद’ असे अगदी अटळ शब्द तेवढे चालतात. टॉलरन्सचे कोष्टक कोणी मागितलेलं नाही.

मुदत सगळ्यात जास्त चुकते ती इथे. पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत परदेशी किंवा पीसीटी अर्ज करायचा. पुढे देशोदेशी जायला बहुतेक ठिकाणी 30 महिने असतात, पण तेही त्या पहिल्याच तारखेपासून. पीसीटी अर्ज बाराव्या महिन्यात केला असेल तर हातात 18 उरतात. लोक 30 धरून निवांत बसतात, आणि कार्यालयाच्या पत्रांची भाषा अशी असते की ते वाचून कोणाचीही तीच समजूत व्हावी. शिवाय पीसीटीतून ‘जागतिक पेटंट’ मिळत नाही. तसं काही नसतंच. मंजुरी प्रत्येक देश आपापली देतो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: शोधकाने हक्क कंपनीला दिल्याचं लेखी हस्तांतरण. शोधक म्हणून कल्पना सुचलेल्याचंच नाव लागतं, साहेबांचं नाही. नोकरीत लागलेल्या शोधावर हक्क कोणाचा, हे देशागणिक बदलतं. सीटची रचना ज्या डिझायनरला सुचली तो दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत असतो आणि फोन उचलत नाही. त्याची सही अर्जाच्याच आठवड्यात घ्या.