रेंज फुल्ल, पण पोच कुठाय?

खानापूरकडचं जांबोटी सोडून कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला निघालं की फोनचा एक ठरलेला प्रकार दिसतो: रेंजच्या कांड्या तीन-चार आणि पान मात्र उघडता उघडत नाही. टॉवरचा संदेश फोनपर्यंत किती जोरात येतो, एवढंच त्या कांड्या सांगतात. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू जातं की नाही, हे त्यात कुठेच नसतं. टॉवरवरचा रेडिओ 40 वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, खिशातला फोन साधारण 0.2 वॅटने. आणि नुसतं डाउनलोड करायचं म्हटलं तरी फोनला बोलावंच लागतं, कारण आलेल्या डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच द्यायची असते.

प्रत्येक गठ्ठ्याच्या शेपटीला तपासणीचे 16 किंवा 24 बिट जोडलेले असतात. फोन हिशेब करतो, जुळला तर ‘मिळालं’, नाही तर ‘फसलं’ असा एक बिट परत पाठवतो. फसलेला गठ्ठा तो फेकत नाही, जपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत आलेले जादा बिट त्यात मिसळून पुन्हा प्रयत्न करतो. ही सोय इतकी भरवशाची आहे, की दहातला साधारण एक गठ्ठा पहिल्या फेरीत फसेल असाच वेग टॉवर मुद्दाम निवडतो.

पोच कधी द्यायची, हा खरा प्रश्न. जायला आणि यायला वेगळी फ्रिक्वेन्सी असलेल्या 4जीमध्ये उत्तर सरळ होतं: गठ्ठा आला की बरोबर 4 मिलिसेकंदांनी. पण 2300 मेगाहर्ट्झच्या 4जीत किंवा 3300च्या वरच्या 5जीत एकच पट्टा आळीपाळीने वापरतात, आणि बहुतेक पाळ्या डाउनलोडच्या. 5जीची एक नेहमीची मांडणी घ्या: अर्ध्या मिलिसेकंदाचे पाच खण, त्यातले पहिले तीन उतरणीचे (टॉवरकडून फोनकडे), चौथा मिश्र, पाचवा चढणीचा (फोनकडून टॉवरकडे). चार खणांची पोच त्या एका पाचव्या खणात कोंबायची. म्हणून टॉवर प्रत्येक गठ्ठ्याआधी जो छोटा आदेश पाठवतो, त्यातच ‘पोच इतक्या खणांनी दे’ असा आकडा असतो. पहिल्या खणाला 4, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2.

चौथ्याला 1 म्हणावं तर गोची होते. गठ्ठा उलगडून तपासायला फोनला किमान 10 चिन्हांइतका (चिन्ह म्हणजे खणाचा एक छोटा तुकडा), म्हणजे सुमारे 0.36 मिलिसेकंद वेळ हवा. काही रचनांत 13. एका खणात चिन्हं 14. मिश्र खणातला डेटा दहाव्या चिन्हावर संपला, तर त्या खणातली उरलेली 4 आणि पुढच्या खणातली 6 फोनच्या तयारीतच जातात. पोच पाचव्या खणाच्या अगदी शेवटच्या दोन चिन्हांत घेतली तर जमतं. ती खणभर लांबवायची असेल तर नाही. मग आकडा 6, म्हणजे पुढच्या फेरीतल्या पाचव्या खणाची वाट.

आता मुख्य दुखणं. गठ्ठा फसला तर फोन तसं सांगतो, पण आदेशच हुकला तर? आपल्याला काही आलं होतं हेच त्याला ठाऊक नसतं. टॉवरने तीन पाठवले, मधला आदेश हुकला, फोनने दोनच बिट दिले, तर दुसरा बिट कोणाचा? उपाय बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याच्या गाड्या मोजणाऱ्यालाही सुचेल: प्रत्येक खेपेच्या चिठ्ठीवर नंबर घालायचा. आदेशात 1, 2, 3, 4 असा दोन बिटांचा मोजणी आकडा असतो. फोनला 1 आणि 3 दिसले की तो मध्ये ‘फसलं’ भरून तीन बिट पाठवतो.

आकडा 4 नंतर परत 1 होतो, त्यामुळे सलग चार आदेश हुकले तर पत्ता लागत नाही, ते क्वचितच. शेवटचा आदेश हुकणं मात्र नेहमीचं, आणि तिथे मोजणी कामाची नाही, कारण पुढे कोणी आलाच नाही तर खंड दिसणार कसा? म्हणून पोच कुठल्या जागी द्यायची हे शेवटच्या आदेशावरून ठरतं. जाणता शेड्युलर, म्हणजे टॉवरमधला पाळ्या वाटणारा प्रोग्रॅम, शेवटच्या आदेशात वेगळी जागा देतो. पोच जुन्या जागी आली की टॉवर ओळखतो, शेवटचा पोचलाच नाही.

‘फसलं’ आणि ‘काहीच आलं नाही’ यांत गल्लत महागात पडते. ‘फसलं’ असेल तर फक्त जादा बिट धाडायचे. शांतता असेल तर फोनकडे मिसळायला काहीच नाही, मूळ गठ्ठाच पुन्हा द्यायचा आणि आदेशही जास्त जागा देऊन ठळक करायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे ‘फसलं’ हे टॉवरने ‘मिळालं’ असं वाचणं. मग वरच्या थराला चूक कळेपर्यंत कितीतरी मिलिसेकंद वाया जातात.

दुसरी पद्धत म्हणजे ठरावीक तक्ता: डेटा एकाच खणात आलेला असो की चारांत, चारही खणांचे चार बिट द्यायचेच, रिकाम्या जागी ‘फसलं’. गोंधळ नाही, पण दोनपेक्षा जास्त बिट झाले की पोचेचा साचा बदलतो आणि फोनची तीच ताकद जास्त बिटांत वाटली जाते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ते परवडत नाही. 4जीमध्ये चारही उत्तरं ‘आणि’ने जोडून एकच बिट द्यायचीही सोय आहे, बिट वाचतो, पण एक फसला तर चारही पुन्हा. सेलच्या, म्हणजे टॉवरच्या टापूच्या, कडेला मला तरी हा सौदा मान्य आहे, शहरात नाही.

निपाणी-कागलकडे, दोन राज्यांच्या सीमेवर, वेगळीच भानगड संभवते. शेजारच्या टॉवरांच्या पाळ्या जुळल्या नाहीत, तर एकाच्या चढणीच्या खणात दुसऱ्याचं डाउनलोड आदळतं आणि 0.2 वॅटची पोच त्यात बुडते. म्हणून उपग्रहाच्या घड्याळावरून सगळ्यांची वेळ 3 मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावी लागते. इकडचा टॉवर कर्नाटक सर्कलचा, तिकडचा महाराष्ट्राचा, हे रेडिओलहरींना कळत नाही.

एवढं करूनही ऐकू येत नसेल, तर एकच पोच 2, 4 किंवा 8 खणांत पुन्हापुन्हा द्यायला लावतात. पाच खणांच्या या मांडणीत चढणीचा खण दर 2.5 मिलिसेकंदांनी येतो, त्यामुळे चार वेळा सांगायला दहाएक मिलिसेकंद जातात. तेवढ्यात फोनकडची पोच बाकी असलेल्या गठ्ठ्यांची 16 खाती भरून जाऊ शकतात, आणि एखादं खातं मोकळं होईपर्यंत टॉवरला नवा गठ्ठा पाठवता येत नाही. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं, कांड्या तशाच.